चाक थांबायच्या आधी

अड्याळ,
१९ जानेवारी २०२५

चि. नीतू,

पत्राला फार उशीर झाला, त्याबद्दल आधी माफी मागते. दोन महिने होत आले. ‘कामं होती’ असं लिहायला घेतलं होतं, पण ते खरं नाही. कामं रोजचीच होती. तुला काय लिहावं ते सुचत नव्हतं, आणि सुचत नाही म्हणून न लिहिणं सोपं जात होतं.

बाबा गेल्यावर तिसऱ्या दिवशी मी तुमच्या घरी आले होते. तू दाराकडे पाठ करून बसली होतीस. मी तुझ्या आईजवळ अर्धा तास बसले आणि एक शब्द न बोलता उठले.

परवा बाजारात तुझ्या आई, बायाबाई, भेटल्या. शिंगाडे घेऊन बसल्या होत्या. म्हणाल्या, “पोट्टी चिखल्याले हाये, माह्या बहिनीकडं, चंदाकडं. फोन लावला तं येतच नाही. चंदा म्हनते झोपली. दिवसभर कोन झोपते मॅडम?” मग शिंगाडे मोजायचं थांबवून म्हणाल्या, “तुमी लिहून पाठवा. तुमचं अक्षर पाहून तरी वाचन.” म्हणून हे पत्र.

घडलं ते मी लोकांकडूनच ऐकलं आहे. धानाची ट्रॉली तलावाच्या पाळीवर, त्या उंच बांधावर, चढताना अडली, मागे आली, आणि चाकाला दगड लावणारे तुझे बाबा खाली सापडले. गाव भूपेंद्रला दोष देतं. ट्रॅक्टर त्याचा, चालवतही तोच होता, आणि पिऊन होता म्हणे. ते पोलीस पाहतील. मला तुझ्याबद्दल लिहायचं आहे.

नववी ‘ब’च्या हजेरीत तुझं नाव अजून आहे. एकतीस नंबर पुकारते, गैरहजेरी मांडते आणि बत्तिसाव्यावर जाते. वार्षिक परीक्षा एप्रिलमध्ये आहे. घटक चाचणीत तुला विज्ञानात पंचविसापैकी बावीस आहेत, वर्गात दुसरी. अशा मुलीनं नववीत शाळा सोडू नये. कुठल्या धड्यापर्यंत वाचलंस ते कळव. पुढच्या वह्या मी कुणाकडून तरी उतरवून पाठवते.

तुझी,
कामिनी मॅडम


चिखला,
३० जानेवारी २०२५

आदरणीय मॅडम,

सादर प्रणाम. पत्र मिळालं. मावशीनं वाचून दाखव म्हटलं, मी अर्धंच वाचून दाखवलं.

इथे बरं आहे. मावसा खाणीत जातात. पिंजऱ्यात उभे राहून खाली जातात आणि पाळी संपली की वर येतात. पिंजरा ओढायचं मोठं चाक कॉलनीतून दिसतं. ते फिरताना मी बघत बसते. मावशी म्हणते, त्यात काय बघतेस, पण हाकलत नाही.

वह्या पाठवू नका. मला फक्त एक सांगा. घटक चाचणीत दुसरा प्रश्न होता, वर फेकलेला चेंडू सर्वात वरच्या टोकाला असताना त्याचा वेग किती आणि त्वरण किती. त्याचं माझं उत्तर बरोबर होतं ना? तेवढं लवकर सांगा.

मायला म्हणा, मी दिवसा झोपत नाही.

आपली विद्यार्थिनी,
नीतू, नववी ब, रोल नंबर ३१


अड्याळ,
६ फेब्रुवारी २०२५

चि. नीतू,

तू अभ्यासाचं विचारलंस, मला किती बरं वाटलं ते सांगता येत नाही. याचा अर्थ तुझं मन परतायला लागलं आहे.

गुणांची काळजी करू नकोस. आत्ता शाळेतच बसून लिहिते आहे, शिपाई कुलूप घेऊन उभा आहे. गुणांची वही समोर आहे : प्रश्न दुसरा, दोनपैकी दोन. बरोबर आहे. तुझे तीन गुण गेले ते शेवटच्या गणितात, तिथे तू एकक लिहिलं नाहीस.

आता तरी सांग, वह्या पाठवू ना?

तुझी,
कामिनी मॅडम


चिखला,
१५ फेब्रुवारी २०२५

आदरणीय मॅडम,

बरोबर होतं तर ट्रॉली वापस काहून आली?

मी कोणाला सांगितलं नाही, तुम्हाला लिहिते. वाचून झालं की फाडून टाका. मायला सांगू नका.

बाबा जाळं टाकायचे, पण धानाच्या दिवसांत भूपेंद्र काकाच्या ट्रॉलीवर जायचे. चढ लागला की बाबा खाली उतरत. दोन्ही हातांत दगड, आमच्या पायरीएवढा. वाकून तो दगड मागच्या चाकापासून वीतभर अंतरावर धरायचे आणि चाकाच्या बाजूनं तसेच वाकून पूर्ण चढ चालायचे. चाक थांबायच्या आधी दगड जमिनीला टेकला पाहिजे, असं त्यांचं होतं. दिवसातून दहा-बारा फेऱ्या. घरी आले की कंबर धरून बसत, ताटावर पण वाकता यायचं नाही.

दिवाळीच्या सुट्टीनंतर तुम्ही चाचणीचे पेपर पालकांच्या सहीसाठी घरी दिले. मी संध्याकाळी बाबांजवळ नेला. ते जाळं शिवत होते. मी म्हटलं, बाबा, वाकून कायले चालता? ट्रॉली थांबू द्या, थांबली का मंग आरामात लावा.

ते म्हणाले, “थांबली म्हंजे आली वापस, बाई.”

मी म्हटलं, लगेच नाही येत. वर टोकाला काहीच नसते. वेग बी शून्य, त्वरण बी शून्य.

“हे तरवन काय असते?”

“ओढ. तवा ओढच नसते.”

ते हसले. “तुह्या पुस्तकातल्या ट्रॉलीत धान भरले नसन.”

मला राग आला. मी पेपर पुढे केला. म्हटलं, हे पाहा, मॅडमनं लाल टिक देल्ली. बाबांना वाचता येत नव्हतं, पण लाल टिक कळायची. त्यांनी तिच्यावर बोट ठेवलं. म्हणाले, “मॅडम म्हनते बरोबर हाये?” मी हो म्हटलं. “मंग बरोबरच असन. आमी कुठं शिकलो?” आणि सही केली. सही करायला त्यांना खूप वेळ लागतो.

त्यानंतरच्या शनिवारी सकाळची शाळा होती. मी डबा घेऊन पाळीवर गेले. ट्रॉली चढत होती. बाबा चाकाच्या बाजूला नव्हते. दगड छातीशी धरून, सरळ उभे, मागून चालत होते. मला पाहून हसले. सरळ चालता येते, असं दाखवत होते. ट्रॉली हळू झाली, अजून हळू झाली, थांबली. बाबा पुढे झाले आणि वाकले. मी मनात म्हटलं, आता.

भूपेंद्र काका पिऊन नव्हते. सकाळी ते आमच्याकडेच चहा पिऊन गेले होते.

इथे कॉलनीत एक उतार आहे. मी सायकलचा जुना टायर त्याच्यावर खालून वर ढकलते. तो वर जातो, हळू होतो, वापस येतो. मी बघते की तो थांबलेला कधी असतो. रोज बघते. शंभरदा पाहिलं असेल. थांबतो तर खरा. पण राहत नाही. ज्याच्यात वाकून दगड ठेवता येईल, एवढा वेळ मला एकदाही सापडला नाही.

तुम्ही परत बरोबर लिहिलं. मग बाबांचं काय चुकलं ते सांगा.

नीतू


अड्याळ,
३ मार्च २०२५

चि. नीतू,

तुझं पत्र येऊन बारा दिवस झाले. या वेळी सुचत नव्हतं असं नाही. काय लिहायचं ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

तुझं उत्तर चूक होतं. वेग शून्य, हे बरोबर. त्वरण शून्य, हे चूक. मी ते बरोबर ठरवलं. ही दोन वाक्यं मी मुद्दाम शेजारी लिहिली आहेत. यातलं एक वाचून दुसरं सोडू नकोस.

पत्र वाचल्यावर मी कपाट उघडलं. तुझा पेपर गठ्ठ्यात होता. दुसऱ्या प्रश्नाखाली तू स्वच्छ लिहिलं आहेस, ‘वेग शून्य होतो म्हणून त्वरणही शून्य होते’. त्यावर माझी टिक. पहिल्या पानावर बाबांची ‘श्यामलाल’ ही सही, प्रत्येक अक्षर वेगळं, शेवटचा ‘ल’ ओळीच्या खाली उतरलेला. मग मी सगळे त्रेपन्न पेपर काढले. एकेचाळीस जणांनी हेच लिहिलं आहे. त्यांतल्या चौतीस जणांना मी पूर्ण गुण दिलेत. सात जणांचा अर्धा गुण कापला आहे. म्हणजे सात वेळा मी वाचलं, आणि चौतीस वेळा ‘वेग शून्य’ दिसलं की पुढच्या ओळीवर गेले. दिवाळीच्या आधीचा शेवटचा आठवडा होता. हे कारण म्हणून लिहीत नाही, झालं तसं लिहिते.

याहून वाईट एक आहे. एकेचाळीस मुलं एकच चूक करतात तेव्हा ती मुलांची नसते. मी वर्गात काय बोलले होते ते आठवायचा प्रयत्न केला. खडू वर फेकून दाखवला होता, एवढं आठवतं. तो वर असताना ‘इथे क्षणभर सगळं शून्य’ असं म्हणाले होते का? मला आठवत नाही. पण न आठवणं माझ्या फार सोयीचं आहे, म्हणून मी त्यावर विसंबत नाही.

आणि तू विचारलंस तेव्हा मी पेपर न पाहता गुणांची वही पाहिली. कपाट चार पावलांवर होतं. मला वाटलं, मुलीला गुणांची चिंता आहे. तू काय विचारत होतीस ते मला कळलंच नाही. बरोबरची खूण मी दोनदा केली.

आता जे वर्गात सांगायला हवं होतं ते सांगते. त्वरण म्हणजे चाल नव्हे, आणि ओढही नव्हे. वेग कसा बदलतो आहे, ते त्वरण. ट्रॉली वर जाते, तिचा वेग कमी होत जातो, शून्य होतो आणि खालच्या दिशेला वाढू लागतो. हा बदल एकसारखा चालू असतो, शून्यापाशी सुट्टी घेत नाही. इंजिन कमी पडलं की उतार आपलं काम करतच राहतो. शून्यापाशी बदल थांबला असता, तर तुझा टायर वरच राहिला असता. टायर थांबतो पण राहत नाही, हे तू जे लिहिलंस, ते या धड्यावर माझ्या वीस वर्षांत मुलानं लिहिलेलं सर्वांत अचूक वाक्य आहे. हे तुला कुठल्या पेपरात लिहायला मिळालं नाही.

बाबांचं काय चुकलं, असं विचारलंस. काहीच नाही. ते त्या दिवसापर्यंत दगड लावत होते तेच बरोबर होतं. काल मी पाळीवर गेले होते. जागेश्वर भेटले, तुझ्या बाबांसोबत जाळं टाकणारे म्हातारे. ते त्या शनिवारी काठावर होते. मी विचारलं, चाक थांबायच्या आधी दगड का टेकवतात? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी शाळेत काय शिकवते याची त्यांना शंका आली असावी. “थांबून राहिली का ते, मॅडम? जाऊन राहिली असते तवाच तिचं वापस याचं सुरू झालं असते. थांबल्यावर कोनाले दगड लावता?”

मग ते म्हणाले, “श्यामलाल बारा वर्सं चाकासंग वाकून चालला. त्या दिशी ताठ. म्या आवाज देला, काहून गा, साहेब झाला काय? तं म्हने, पोरीनं सांगतलं, मॅडमनं पास केलं. हासून राहिला होता.”

हे तुला लिहावं की नाही, यावर मी बरेच दिवस घातले असते, पण ते तू आधीच पाहिलं आहेस. ‘तुझी चूक नाही’ असं लिहून मोकळं होण्याचा मोह झाला. तसं लिहिलं तर मी तिसऱ्यांदा न वाचता टिक केल्यासारखं होईल. तू बाबांच्या कंबरेसाठी सांगितलंस, आणि चुकीचं सांगितलंस. ते चुकीचं आहे हे तुला सांगणं माझं काम होतं. मी पगार त्याचाच घेते.

तुझा पेपर सोबत पाठवते. टिक खोडली आहे, एक गुण कमी केला आहे, बाजूला आजची तारीख आणि माझी सही आहे. बाबांच्या सहीला हात लावलेला नाही.

पत्र फाडलेलं नाही. तुला हवं असेल तर परत पाठवीन.

कामिनी


चिखला,
११ मार्च २०२५

मॅडम,

पेपर मिळाला. मावशीला सगळं वाचून दाखवलं, या वेळी पूर्ण. ती म्हणते, मॅडमला लिही की तुमचा काही दोष नाही. ते मी लिहीत नाही. तुम्हीच सांगितलं की न वाचता टिक करायची नाही.

रविवारी मी मायला फोन केला. सांगितलं. भूपेंद्र काका प्यालेले नव्हते, मीच सांगितलं होतं बाबांना. मागं कोंबड्यांचा आवाज येत होता, म्हणजे फोन चालू होता. मग माय म्हणाली, “तू ठेव आता.” तेव्हापासून ती फोन उचलत नाही. मावशीचा पण नाही. आता कळलं, मी उचलत नव्हते तेव्हा तिला कसं वाटलं असेल.

पेपर वापस पाठवते आहे. तो मायला दाखवा. तिला वाचता येत नाही, पण लाल टिक तिला पण कळते. ती कोणाची आहे ते तुम्हीच सांगा. माझ्या तोंडून ते बहाणा वाटेल.

आणि वर्गाला सांगा. बाबांचं नाव घेऊन सांगा.

नीतू


अड्याळ,
१६ मार्च २०२५

चि. नीतू,

वर्गाला काल सांगितलं. बावन्न पेपर परत वाटले, तुझ्या बाबांचं नाव घेतलं, माझं घेतलं. तुझं घेतलं नाही, पण ते सगळ्यांना कळलं. मग ईश्वर मागून म्हणाला, “मॅडम, मंग आमचे मार्क कटनार का?” दोघं हसले आणि मी रागावत नाही हे पाहून गप्प झाले. मी म्हटलं, हो, कटणार.

मग पाटी झुकवून त्यावर चेंडू वर ढकलला, दहा-बारा वेळा. सगळ्यांना जवळ बोलावलं. शेवटी कोरे कागद देऊन तोच प्रश्न पुन्हा विचारला. रात्री तपासले, प्रत्येक ओळ. एकोणीस जणांनी पुन्हा ‘त्वरण शून्य’ लिहिलं आहे. ईश्वरनं खाली लिहिलंय, ‘मॅडम सांगतात म्हणून शून्य नाही, पण मला वाटते शून्यच.’ त्याला मी अर्धा गुण दिला, प्रामाणिकपणाचा, आणि मग तोही खोडला. मला वाटलं होतं, एक माणूस गेल्याचं ऐकल्यावर ही चूक कुणी करणार नाही. तसं होत नाही. उद्यापासून तो धडा पहिल्यापासून घेईन, आणि तरी काही जण राहतील.

तुझ्या आईकडे मी अजून गेलेले नाही. पेपर गुरुवारी मिळाला. काल शाळेनंतर तुमच्या गावाच्या फाट्यापर्यंत गेले. तिथून घराचं कौलारू छप्पर दिसतं. दार उघडं होतं. बायाबाई अंगणात जाळं गोळा करत होत्या, बाबांचं असावं, कुणाला तरी देऊन टाकत असतील किंवा नुसतं झटकत असतील. मी फाट्यावरून परत आले. हे तुला लिहायलाच हवं, नाहीतर तू समजशील की बाई जाऊन आली.

त्या मला काय म्हणतील ते माहीत नाही. तुला फोनवर घेतील का, तेही माझ्या हातात नाही. भूपेंद्रचं पोलिसांकडे काय सांगायचं, ते त्यांना विचारल्याशिवाय मी ठरवणार नाही. पण टिक कुणाची, हे सांगायला कुणाची परवानगी लागत नाही. झोपण्याआधी वहीत दुसऱ्या दिवशीची कामं लिहायची माझी सवय आहे, पाच-सहा तरी असतात. आज एकच आहे, तू साक्षीदार असावीस म्हणून इथे लिहिते.

उद्या : पेपर घेऊन बायाबाईंच्या घरी जाणे.